सुरक्षा समितीत कामगार प्रतिनिधी म्हणून पहिल्यांदाच बसतो आहे : काय माहीत असायला हवे?

भामाकाठ
नमस्कार मंडळी. चाकण पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी चौदा वर्षे प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागात, काम करतो आहे. मागच्या महिन्यात युनियनच्या निवडणुकीत सहचिटणीस म्हणून निवडून आलो आणि त्याच आठवड्यात सुरक्षा समितीवर कामगारांचा प्रतिनिधी म्हणून माझे नाव गेले. पहिली बैठक पुढच्या बुधवारी आहे.

वेतन करार, बोनस, खातेनिहाय चौकशी या गोष्टी युनियनच्या कार्यालयात जुन्या माणसांच्या शेजारी बसून शिकता येतात. सुरक्षेच्या बाबतीत मात्र विचारावे असे कोणीच भेटले नाही. म्हणून मागच्या तीन वर्षांची इतिवृत्ते मागवून घरी वाचली. हेल्मेट घालण्याबाबत सूचना, पिण्याच्या पाण्याची टाकी धुणे आणि ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाची घोषवाक्य स्पर्धा, हे तीन विषय जवळजवळ प्रत्येक बैठकीत आहेत. प्रेस हा शब्द मला एकदाही सापडला नाही. याच तीन वर्षांत आमच्या शॉपमधल्या दोन मुलांची बोटे गेली असून दोघेही कंत्राटी होते.

मला विचारायचे आहे ते असे, की प्रतिनिधीला नेमके कोणते अधिकार असतात, पहिल्याच बैठकीत काय मागावे, आणि जे आमच्या युनियनचे सभासद नाहीत त्या कंत्राटी कामगारांच्या वतीने मला बोलता येते का?

जुना_फिटर
सर्वप्रथम अभिनंदन. इतिवृत्ते वाचून मग प्रश्न विचारलात, म्हणजे निम्मे काम आपण केलेलेच आहे.

मी भोसरीत एकतीस वर्षे मेंटेनन्समध्ये होतो आणि त्यांपैकी नऊ वर्षे युनियनच्या कमिटीत. एक प्रसंग सांगतो. तिसरी पाळी, पहाटेचे तीन वाजून गेलेले. शंभर टनी प्रेसवर एका मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. मी धावत पोहोचलो तेव्हा प्रेस बंद होती आणि दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी डावे बटण इन्सुलेशन टेपने दाबून बांधलेले होते. टेपवर तेलाचा काळा थर होता, कडा गुंडाळून घट्ट झाल्या होत्या. ती टेप त्या रात्री लावलेली नव्हती. ती कित्येक महिने तिथे असणार आणि त्या काळात प्रत्येक पाळीच्या सुपरवायझरने तिच्यासमोर उभे राहून उत्पादनाचा आकडा लिहून घेतला असणार.

चौकशी अहवालात कारण आले, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. आमच्या तेव्हाच्या सरचिटणीसांनी सही करण्याआधी मेंटेनन्सचे रजिस्टर मागवले. अपघाताच्या अकरा दिवस आधी माझ्याच हस्ताक्षरात नोंद होती, ‘प्रेस क्रमांक सात, लाईट कर्टन काम करत नाही, सुटा भाग उपलब्ध नाही’. लाईट कर्टन म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा, त्यात हात आला की प्रेस थांबायला हवी. पाळीचे लक्ष्य मात्र त्याच महिन्यात वाढवलेले होते. दोन्ही बटणे दाबून ते लक्ष्य गाठता येते का, हे घड्याळ लावून मोजले तेव्हा येत नाही असे दिसले. अहवाल बदलला. बोटे परत आली नाहीत, पण त्या मुलाला नोकरीवरून काढायची जी नोटीस तयार होती, ती निघाली नाही.

म्हणून पहिला सल्ला असा, की ‘कोण चुकले’ या प्रश्नाआधी ‘यंत्राने ही चूक होऊ कशी दिली’ हे विचारायची सवय लावून घ्या. माणूस तिसऱ्या पाळीत पेंगतो, घाईत असतो, घरच्या काळजीत असतो. तो तसा असणार हे धरूनच गार्ड बसवायचा असतो.

दुसरी गोष्ट तांत्रिक आहे, पण आपण प्रेस शॉपचे असल्याने सांगतो. जुन्या की-क्लचच्या प्रेसवर लाईट कर्टन लावून काही उपयोग होत नाही, कारण एकदा क्लच पकडला की रॅम, म्हणजे खालीवर होणारा जड भाग, पूर्ण फेरी मारल्याशिवाय थांबतच नाही. तिथे हात आत जाणारच नाही असा पक्का गार्ड लागतो. फ्रिक्शन क्लच-ब्रेकच्या प्रेसवर कर्टन चालतो, पण तो डायपासून, म्हणजे साच्यापासून, पुरेसा लांब लागतो, म्हणजे हात पोहोचेपर्यंत रॅम थांबलेला असला पाहिजे. कर्टन बसवला आहे हे ऐकून समाधान मानू नका. प्रेस कोणत्या प्रकारची आहे आणि थांबायला किती वेळ घेते, हे विचारा.

रात्रपाळी
फिटरकाका, घड्याळ लावून मोजल्याची गोष्ट फार मोलाची आहे. आमच्याकडे कोणी हे केले नाही.

कायद्याचे_बोट
भामाकाठ, आपल्या अधिकारांविषयी लिहितो. मी कामगार न्यायालयात युनियनच्या बाजूने काम करतो.

कारखाने अधिनियम १९४८ चा आहे, परंतु कामगारांना सुरक्षेत बोलण्याचा हक्क देणारे महत्त्वाचे प्रकरण त्यात १९८७ मध्ये आले, आणि ते आले भोपाळमुळे. तिथे २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला, तेव्हा त्या वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि निसटलेला वायू जाळून टाकणारी व्यवस्था दुरुस्तीसाठी खोलून ठेवलेली होती. त्याच कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन या विषारी वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता आणि युनियनने तेव्हापासून धोक्याची हाकाटी केली होती. त्या हाकाटीला कायद्यात जागा नव्हती. ती जागा १९८७ च्या दुरुस्तीने दिली. कलम ४१ जी प्रमाणे धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आवश्यक ठरली. कलम ४१ एच प्रमाणे जिवाला निकटचा धोका वाटल्यास कामगार थेट किंवा समितीतील प्रतिनिधीमार्फत व्यवस्थापनाला कळवू शकत होते आणि त्याच वेळी सरकारी कारखाना निरीक्षकालाही कळवू शकत होते. धोका आहे हे व्यवस्थापनाला पटले तर त्याने लगेच उपाय करायचा, आणि पटले नाही तर प्रकरण ताबडतोब निरीक्षकाकडे पाठवायचे. ‘बघू, पुढच्या बैठकीत घेऊ’ या उत्तराला त्या कलमात वावच नव्हता. शिवाय कलम १११ ए ने माहिती मिळवण्याचा आणि प्रशिक्षणाचा हक्क दिला, तर कलम ११८ ए ने तक्रार करणाऱ्याचे नाव निरीक्षकाने गुप्त ठेवावे असे बंधन घातले.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले. निकटच्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क मात्र संहितेत अधिक व्यापक झाला असून तो केवळ धोकादायक प्रक्रियेपुरता राहिलेला नाही. समितीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू नयेत, हेही तिथे स्पष्ट आहे. पत्र लिहिताना नव्या संहितेचा उल्लेख करा, नाहीतर ‘हा कायदा आता राहिला नाही’ एवढ्याच कारणाने ते बाजूला पडेल.

कंत्राटी कामगारांविषयी शंका ठेवू नका. जुन्या कायद्याच्या व्याख्येतसुद्धा कंत्राटदारामार्फत लावलेला माणूस ‘कामगार’ होता. सुरक्षा समिती ही संपूर्ण कारखान्याची समिती आहे. तिथे आपण युनियनच्या वर्गणीदारांपुरते बोलत नसता.

पिवळे_हेल्मेट
मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. रांजणगावच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. धागा मनापासून वाचतो आहे, म्हणून एक खंतही मनापासून मांडतो.

आमच्या समितीत कामगार प्रतिनिधी वर्षभर गप्प बसतात आणि वेतन कराराची बोलणी अडली की त्याच महिन्यात सुरक्षेच्या चाळीस तक्रारी येतात. करार झाला की त्या विरून जातात. यामुळे होते असे, की पुढच्या वेळी खरी तक्रार आली तरी माझे वरिष्ठ तिच्याकडे दबावाचे साधन म्हणूनच बघतात. मी एकटा त्यांना किती पटवणार? सुरक्षा अधिकाऱ्याकडे पैसे मंजूर करण्याचा अधिकार नसतो. युनियनने लावून धरलेली, कागदावर आलेली मागणी हाच बहुतेकदा माझ्या हातातला सर्वांत मोठा आधार असतो, आणि तो आधार कराराच्या दिवशी काढून घेतला जातो.

दुसरे असे, की जुना_फिटर यांचे म्हणणे मला मान्य आहे, तरीही सुरक्षेच्या साधनात ढवळाढवळ न करण्याचे बंधन कामगारावरही आहे. जुन्या कायद्याच्या कलम १११ मध्ये ते होते आणि संहितेतही आहे. टेप लावणाऱ्याला युनियनच्या माणसाने थांबवले तर ते अधिक मनावर घेतले जाते.

जुना_फिटर
पिवळे_हेल्मेट साहेब, कराराबाबतची आपली तक्रार खरी आहे. आम्हीही एकदा तसे केले होते आणि ते चूक होते.

टेपविषयी मात्र क्रम उलटा करू नका. आधी लक्ष्य असे ठेवा की दोन्ही बटणे दाबून ते गाठता येईल. नंतर टेप काढायला मी स्वतः येतो.

रात्रपाळी
करार निघालाच आहे तर विचारतो. आम्ही मागच्या करारात पेंट शॉपसाठी महिना साडेचारशे रुपये धोका भत्ता मिळवला. सभासद खूश आहेत. यात काही चुकले का?

लोटे_परशुराम
चुकले असे मी म्हणेन. साडेचारशे रुपयांत थिनरची वाफ फुप्फुसात जायची थांबत नाही. एक्झॉस्ट फॅनची मागणी त्या भत्त्यात विरघळली असेल, तर तुम्ही तुमच्या माणसांचा श्वास विकला.

रात्रपाळी
लोटे_परशुराम, शब्द लागला. पण पेंट शॉपमधल्या ज्या मुलांच्या डोक्यावर गावाकडचे कर्ज आहे, ती स्वतःच म्हणाली की फॅनचे नंतर बघू, आधी पैसे घ्या. त्यांचे प्रतिनिधित्व करतो म्हणताना त्यांचे ऐकायचे नाही का?

जुना_फिटर
ऐकायचे, नक्कीच ऐकायचे. पण भत्ता एकदा वेतनात बसला की फॅन बसवून तो बंद करायला कोणताच कामगार तयार होत नाही आणि मग धोका टिकून राहण्यात आपल्याच माणसांचा फायदा होऊन बसतो. आमच्या फाउंड्रीत असेच झाले होते. आता पुढच्या करारात तीच रक्कम मूळ वेतनात मागून घ्या आणि एक्झॉस्टचा विषय सुरक्षा समितीत स्वतंत्र चालवा. दोन्हींची गाठ पडू देऊ नका.

रात्रपाळी
हे जमण्यासारखे आहे. वायुवीजनाची मोजणी कधी झाली होती, ते उद्या विचारतो.

लोटे_परशुराम
वर तिखट लिहिले त्याबद्दल रात्रपाळी यांनी राग मानू नये. त्यामागचे कारण सांगतो.

मी रासायनिक कारखान्यात ऑपरेटर आहे. सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीतला गाळ काढण्यासाठी एका सुट्टीच्या दिवशी कंत्राटदाराने दोन माणसे आणली होती. आत उतरण्याचे परमिट, म्हणजे लेखी परवानगी, काढलेले नव्हते, कारण सही करणारा अधिकारी सुट्टीवर होता. पहिला माणूस शिडीने उतरला आणि तिसऱ्या चौथ्या पायरीवर हात सुटून खाली गेला. दुसरा त्याला धरायला उतरला. त्याचा भाऊच होता तो. मी तिसरा होतो आणि आमच्या वयस्क शिफ्ट इनचार्जनी मला मागून कॉलरला धरून जमिनीवर पाडले, म्हणून आज हे लिहितो आहे. श्वसनसंच येईपर्यंत अकरा मिनिटे गेली. दोघेही वाचले नाहीत.

सर्व प्रतिनिधींनी यातून निदान एवढे पाठ करावे. साध्या हवेत प्राणवायू सुमारे २०.९ टक्के असतो आणि तो १९.५ च्या खाली गेला की ती जागा आत जाण्यासारखी राहत नाही. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, म्हणून ‘आता वास येत नाही’ हे वाक्य सर्वांत धोक्याचे आहे. टाकीत उतरण्याआधी मीटरने वरची, मधली आणि तळाची हवा तपासायची, काम चालू असेपर्यंत तपासत राहायची, तोंडाशी एक माणूस सतत उभा ठेवायचा, आणि त्या माणसाला ‘काहीही झाले तरी तू आत जायचे नाहीस’ असे आधीच सांगून ठेवायचे. बाहेरून ओढून काढता येईल असा पट्टा आणि तिपाई नसेल तर कोणी उतरू नये.

भामाकाठ, आपल्या कारखान्यातही सांडपाण्याची टाकी असणार. ती कोण साफ करते आणि कोणत्या दिवशी, हे बैठकीआधी शोधून काढा.

भामाकाठ
हे वाचून हात थांबला. आमची टाकी दर दोन महिन्यांनी रविवारी साफ होते. त्या दिवशी आम्ही कोणीच कारखान्यात नसतो. आत कोण उतरते हे चौदा वर्षांत मी कधी विचारले नव्हते.

असेंब्लीतली_ताई
आतापर्यंतची सगळी चर्चा अचानक होणाऱ्या अपघातांची झाली. हळूहळू होणाऱ्या नुकसानाबद्दल मला लिहायचे आहे.

माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते. आम्ही लहान असताना त्यांना मागून हाक मारली तर ते वळत नसत आणि आम्हाला वाटे, बाबा रागावले आहेत. पुढे कानाची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी आलेखातला चार हजार हर्ट्झपाशी पडलेला खड्डा दाखवला आणि सांगितले, हा आवाजाचा बहिरेपणा आहे, तो भरून येत नाही. जुन्या कारखाना नियमांप्रमाणे आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे आणि ती ओलांडून आवाज दर पाच डेसिबलने वाढला की परवानगीची वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला दोनच तास. आवाजाने येणारा बहिरेपणा कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत सूचनीय, म्हणजे सरकारला कळवणे बंधनकारक असलेला, आजार म्हणून नोंदलेला होता आणि तो नुकसानभरपाईस पात्र आहे, हे बाबांना कोणी सांगितले नाही. त्यांना युनियन होती, पण तिलाही हे ठाऊक नव्हते.

भामाकाठदादा, प्रेस शॉपमध्ये आवाज भरपूर असणार. मोजणीचा अहवाल मागा. प्रत्येकाची श्रवण चाचणी कामावर रुजू होताना झाली होती का, हेही विचारा, कारण सुरुवातीची चाचणी नसेल तर ‘हा आधीपासूनच बहिरा होता’ असे म्हणायला जागा उरते.

आणखी एक गोष्ट स्त्रियांच्या वतीने मांडते. आमच्या लाईनवर स्वच्छतागृहाला जायचे तर बदली माणूस मागावा लागतो, म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मूत्रमार्गाचा संसर्ग हा आमच्या लाईनचा आजार झाला आहे. सुरक्षा समितीत एकही बाई नसल्यामुळे हा विषय कधी इतिवृत्तात आला नाही. हातमोजे आणि बूटसुद्धा पुरुषांच्याच मापाचे येतात. सैल मोजा बोटाच्या टोकापुढे लोंबतो आणि ड्रिल मशीनजवळ तोच हाताला आत ओढतो. फिरत्या यंत्रावर तर मोजा नकोच, पण हे समजावणारे प्रशिक्षणही झाले नाही.

पिवळे_हेल्मेट
ताई, मापांचा मुद्दा मी लिहून घेतला. आमच्या भांडारात सात, आठ आणि नऊ या मापांचेच बूट आहेत. मला आजवर हे सुचले नाही, याचे वाईट वाटते.

टेम्सकाठी
मी मूळचा साताऱ्याचा, सध्या इंग्लंडमध्ये एका गोदामात युनियनचा सुरक्षा प्रतिनिधी आहे. इथे १९७४ चा आरोग्य व सुरक्षा कायदा आणि १९७७ चे सुरक्षा प्रतिनिधींचे नियम आहेत. मान्यताप्राप्त युनियन प्रतिनिधी नेमते. त्याला दर तीन महिन्यांनी कामाच्या जागेची पाहणी करण्याचा, अपघाताची स्वतंत्र चौकशी करण्याचा आणि प्रशिक्षणासाठी भरपगारी वेळ घेण्याचा हक्क असतो.

पहिल्या प्रशिक्षणात मला एक साधी पद्धत शिकवली, ती भारतातही तशीच वापरता येईल. कारखान्याचा नकाशा एका मोठ्या कागदावर काढायचा आणि कामगारांना ज्या जागी दुखते, भाजते, घसरते किंवा भीती वाटते, तिथे खुणा करायला सांगायचे. दुसऱ्या कागदावर माणसाच्या शरीराची आकृती काढायची आणि दुखणाऱ्या जागी ठिपका लावायला सांगायचे. आमच्याकडे ते सगळे ठिपके कमरेवर आणि उजव्या खांद्यावर पडले होते. ते दोन कागद बैठकीत मांडल्यावर फार बोलावे लागले नाही.

धनंजय_कोल्हापूर
नकाशाची कल्पना आमच्या फाउंड्रीत करून बघणार. धन्यवाद.

कायद्याचे_बोट
एका विषयावर अजून कोणी लिहिले नाही आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत सर्वांत जास्त नुकसान त्यातच झालेले असते. तो विषय म्हणजे न नोंदवलेला अपघात.

बोट जाते, कंत्राटदार त्या मुलाला खासगी दवाखान्यात नेतो, खर्च करतो, पंधरा दिवसांचा पगार हातात देतो आणि म्हणतो, ‘ईएसआयच्या भानगडीत पडू नकोस, तिथे हेलपाटे घालावे लागतात.’ मुलाला वाटते, चांगला माणूस आहे. प्रत्यक्षात काय जाते ते बघा. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, कामावरच्या इजेसाठी तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के दराने रोख लाभ मिळतो, आणि इजा कायमची असेल तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली हे ठरवते आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. वीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे चाळीस पन्नास वर्षांचे उत्पन्न आहे. पंधरा दिवसांच्या पगाराच्या बदल्यात ते सोडायचे? मृत्यू झाला तर अवलंबितांचा लाभही याच नोंदीवर उभा असतो. ईएसआयखाली नसलेल्यांसाठी भरपाईची तरतूद आहे आणि कंत्राटदाराने दिली नाही तर मूळ मालकाकडून ती मागता येते.

अपघातामुळे माणूस ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर निरीक्षकाला सूचना देणे जुन्या कायद्यातही बंधनकारक होते. म्हणून जखमीला दुसऱ्या दिवशी नुसते खुर्चीवर बसवून हजेरी लावण्याची पद्धत दिसली तर लगेच लिखित हरकत घ्या.

प्रतिनिधीने स्वतःची एक वही ठेवावी. त्यात तारीख, वेळ, पाळी, यंत्राचा क्रमांक, जखमीचे आणि साक्षीदारांची नावे, यंत्राची स्थिती आणि त्या वेळी घेतलेले छायाचित्र कोणाकडे आहे हे लिहावे. त्याच दिवशी लिहिलेली दोन ओळींची नोंद न्यायालयात सहा महिन्यांनी आठवून सांगितलेल्या दोन पानांपेक्षा जड ठरते.

रात्रपाळी
इतिवृत्तावर सही केली तर उद्या अपघात झाल्यावर ‘तुम्हीही समितीत होतात’ असे म्हणून प्रतिनिधीलाच अडकवतील, अशी भीती आमच्याकडे अनेकांना वाटते. यात तथ्य आहे का?

कायद्याचे_बोट
जुन्या कायद्यात जबाबदारी भोगवटादार, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा असलेला माणूस, आणि व्यवस्थापक यांच्यावर होती, नव्या संहितेतही ती मालकाकडेच आहे. सूचना देणाऱ्या प्रतिनिधीवर ती येत नाही. नव्या संहितेत कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे आणि दंडाची निदान निम्मी रक्कम मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. सही नाकारू नका, पण आपले म्हणणे इतिवृत्तात नसेल तर ‘सहमत नाही’ असे लिहून त्याखाली सही करा आणि प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

जुना_फिटर
भामाकाठ, एवढे सगळे वाचून एकाच बैठकीत मांडायला जाऊ नका. दोन किंवा तीन मागण्या घ्या, प्रत्येकीपुढे तारीख आणि जबाबदार माणसाचे नाव लिहून घ्या. बाकीचे वहीत राहू द्या.

भामाकाठ
बैठक झाली. सगळ्यांचे ऋण आहे, म्हणून सविस्तर कळवतो.

सोमवारी आणि मंगळवारी दोन्ही पाळ्यांत फिरून प्रेसची यादी केली. एकूण ३१ प्रेस, त्यांपैकी ८ की-क्लचच्या, आणि त्यातल्या ५ वर लाईट कर्टन लावलेला आहे. फिटरकाकांनी लिहिले नसते तर ते पाच कर्टन बघून मला समाधानच वाटले असते. उरलेल्यांपैकी ९ प्रेसवर कर्टन बायपास, म्हणजे चावीने निष्क्रिय, केलेला होता. बायपासची चावी सुपरवायझरच्या टेबलावर उघड्या डबीत असते आणि लागेल तो ती घेतो.

बैठकीत तीन मागण्या ठेवल्या. की-क्लचच्या आठही प्रेसवर पक्का गार्ड, बायपासच्या चाव्या मेंटेनन्सच्या कुलपात आणि त्यांची नोंदवही, आणि सांडपाण्याच्या टाकीत परमिट व हवेची तपासणी यांशिवाय कोणीही उतरणार नाही. पहिल्या मागणीवर बराच वेळ ‘बजेट पुढच्या वर्षी’ असे चालले. तेव्हा आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी स्वतःहून सांगितले की हाच प्रस्ताव त्यांनी दोनदा पाठवला होता. पिवळे_हेल्मेट साहेब, त्या क्षणी आपली आठवण झाली. चार गार्ड महिनाअखेर आणि उरलेले चार त्यापुढच्या महिन्यात, असे ठरले. तोवर त्या प्रेसवर हाताने भाग ठेवायचा नाही, चिमट्यानेच ठेवायचा. चाव्या गुरुवारी सकाळी कुलपात गेल्या. टाकीचा मुद्दा लगेच मान्य झाला, पण हवा तपासायचे मीटर कारखान्यात नाही असे कळले, म्हणून येत्या रविवारचे काम पुढे ढकलले आहे.

ताईंनी लिहिलेल्या आवाजाच्या मोजणीचा अहवाल मागितला आहे, तो अजून मिळालेला नाही. आमच्या पॅकिंग विभागात बावीस स्त्रिया आहेत. त्यांच्यातल्या एकीने पुढच्या बैठकीला निमंत्रित म्हणून यावे, असे पत्र दिले आहे.

काल दुसऱ्या पाळीत एक कंत्राटी मुलगा चहाच्या वेळी जवळ आला. त्याचे अंगठ्याजवळचे बोट मागच्या वर्षी गेले आहे. त्याने विचारले, माझा अपघात कुठे लिहिला होता का? आम्ही दोघांनी रजिस्टर काढून बघितले. त्या तारखेचे पान आहे आणि त्यावर काहीच लिहिलेले नाही. कायद्याचे_बोट, आता काय करता येईल?

कायद्याचे_बोट
उशीर झाला असला तरी दार बंद झालेले नाही. खासगी दवाखान्याची पावती आणि केसपेपर, त्या महिन्याची हजेरी, वेतनपत्रक आणि त्या पाळीतल्या दोन साक्षीदारांचे लेखी म्हणणे गोळा करा. त्याचा ईएसआय क्रमांक अपघाताच्या दिवशी चालू होता का, हे सर्वांत आधी बघा. कागद मिळाले की मला व्यक्तिगत निरोप पाठवा. आणि आपल्या बैठकीच्या इतिवृत्ताची सहीची प्रत घेतलीत ना?

भामाकाठ
घेतली. मुलाचा केसपेपर गावी आहे, तो शनिवारी आणतो म्हणाला आहे.